सहा फुटांचे दार, सव्वापाच फुटांचा राखणदार

आईस हॉकीच्या गोलाचे तोंड ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असते. चोवीस चौरस फुटांच्या त्या चौकटीच्या रक्षणासाठी एकच माणूस नेमलेला असतो. आणि व्यवहार जाणणारा कोणीही कारभारी अशा जागी संघातला सर्वांत धिप्पाड गडी उभा करील, कारण देह जितका विशाल तितकी मोकळी जागा कमी, हे सांगायला भूमितीच्या पदवीची गरज नाही. असे असताना १९२५ ते १९३७ अशी बारा वर्षे नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील सर्वश्रेष्ठ व्यावसायिक स्पर्धेत ज्याने ही चौकीदारी केली, आणि एका मोसमात तर साऱ्या लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून ज्याच्या नावावर शिक्कामोर्तब झाले, त्या रॉय वॉर्टर्सची उंची ५ फूट ३ इंच आणि वजन १३५ पौंड, म्हणजे जेमतेम ६१ किलो होते. सोबती त्याला ‘श्रिंप’ म्हणत, म्हणजे कोळंबी. आणि या टोपणनावात कुचेष्टा किती व कौतुक किती याचे प्रमाण मोसमागणिक बदलत गेले असावे. त्याच काळात बॉस्टनच्या संघात ‘टायनी’ थॉम्प्सन नावाचा गोलरक्षक होता, त्याचे नाव ‘चिमुकला’ आणि उंची चांगली ५ फूट १० इंच. टोपणनावांच्या बाबतीत तिकडचे लोकही आपल्याइतकेच बेहिशेबी दिसतात.

मुंबई-आग्रा रस्त्यावरचे सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात नावाजलेले गाव. इथल्या वाचकाला बर्फ भेटतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर किंवा लग्नसराईत पाण्याच्या पिंपात, आणि तोही भेटतो न भेटतो तोच वितळून जातो. त्यामुळे २०० फूट लांब व ८५ फूट रुंद अशा बर्फाच्या पटांगणावर पायांत लोखंडी पात्यांचे बूट घालून माणसे धावतात, ही कल्पना त्याला थोडी समजावून सांगणे भाग आहे. आपल्या देशात हा खेळ लडाखात आणि सिमल्याकडे खेळला जातो. महाराष्ट्राच्या वाट्याला तो फारसा आलेला नाही, आणि वैशाखातल्या खानदेशी उन्हाकडे पाहता यावा अशी अपेक्षाही नाही. प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह सहा खेळाडू. चेंडूऐवजी कठीण रबराची चकती, ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची, सुमारे सहा औंस वजनाची; सामन्यापूर्वी ती मुद्दाम गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर आपटून तिने उड्या मारू नयेत. अशी दगडासारखी झालेली चकती वाकड्या काठीने भिरकावली जाते आणि गोलरक्षकाने ती काठीने, पायांवरच्या जाड पॅडने, हाताने, छातीने, जे अवयव त्या क्षणी मोकळे असतील त्यांनी अडवायची असते. तोंडावर मुखवटा चढवण्याची रीत रूढ झाली ती जॅक प्लांट या गोलरक्षकाने १ नोव्हेंबर १९५९ रोजी रक्तबंबाळ चेहऱ्याने मुखवट्याचा हट्ट धरला तेव्हापासून. वॉर्टर्सच्या काळी चेहरा उघडाच असे.

त्याचा जन्म १९ ऑक्टोबर १९०० रोजी टोरोंटोत झाला. १९२० साली टोरोंटो कॅनू क्लबच्या तरुण संघाने मेमोरियल कप हा कनिष्ठ गटाचा मानाचा चषक जिंकला, तेव्हा गोलात तोच होता. नंतर काही काळ उत्तर ऑन्टारिओतील पोर्क्युपाईन या सोन्याच्या खाणींच्या मुलुखात खेळून तो अमेरिकेतील पिट्सबर्गला गेला. तिथला संघ नावाला हौशी होता. पण १९२४ व १९२५ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने हौशी संघांचे अमेरिकेतले अजिंक्यपद मिळवले, आणि यशाचा वास लागताच धनिकांनी तो जवळजवळ जसाच्या तसा उचलून ‘पिट्सबर्ग पायरेट्स’ या नावाने नॅशनल हॉकी लीगच्या दप्तरी दाखल केला. अशा रीतीने वयाच्या पंचविशीत हा ठेंगणा गृहस्थ व्यावसायिक झाला.

पहिल्याच मोसमात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १९२५ रोजी, न्यूयॉर्क अमेरिकन्स या संघाविरुद्ध जो सामना झाला त्याची नोंद आजही वाचणाऱ्याला थक्क करते. साठ मिनिटांच्या खेळात दोन्ही बाजूंनी मिळून गोलावर १४१ फटके मारले गेले. हल्लीच्या सामन्यात एका संघाचे साधारणपणे तीसेक फटके होतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे आक्राळविक्राळ रूप ध्यानात येईल. त्यांतले ७३ वॉर्टर्सवर आले, म्हणजे सरासरी दर पन्नास सेकंदांना एक. आणि त्यांतले ७० त्याने परतवले. जे तीन सुटले त्यांच्या बळावर न्यूयॉर्कने सामना ३-१ असा जिंकला, कारण पलीकडच्या जेक फोर्ब्सने ६८ पैकी ६७ अडवले होते. राखणदाराच्या नोकरीचा जमाखर्च हा असा विचित्र असतो: जमेच्या बाजूला सत्तर रकमा असल्या तरी निकाल लागतो तो खर्चाच्या तीन रकमांवरून.

एवढ्याशा देहाने हे साधले कसे, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर निव्वळ चापल्यात शोधणे पुरेसे नाही. चपळ तर तो होताच, पण चापल्याची स्तुती करून कोणत्याही बुटक्या माणसाची बोळवण करण्याची जी आपली सवय आहे, तिच्यामुळे त्याच्या बुद्धीचा भाग झाकला जातो. गोलरक्षक अगदी गोलरेषेवर उभा राहिला तर त्याच्या दोन्ही अंगांना भरपूर जागा उघडी राहते. तोच चार पावले पुढे, चकतीच्या रोखाने सरकला तर मारणाऱ्याच्या नजरेला मागचा गोल एकाएकी आकसलेला दिसतो. रात्री चिमणीजवळ पोराने आपला हात नेला की भिंतभर सावली पडते, तोच हा न्याय. उंच माणसाला ही युक्ती जमली तर सोन्याहून पिवळे, न जमली तरी त्याचे निभते. ठेंगण्याला मात्र ती शिकल्यावाचून गत्यंतर नसते, आणि तीत धोकाही आहे, कारण पुढे सरकलेल्या रक्षकाला बगल देऊन चकती शेजारच्या गड्याकडे सरकवली गेली तर मागे ओस पडलेल्या दाराकडे परतायला वेळ उरत नाही. त्यासाठी पुढचा डाव आधीच ओळखावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की, आलेली चकती नुसती अडवून भागत नाही. ती पुढ्यातच पडली तर टपलेला प्रतिस्पर्धी तीच पुन्हा हाणतो. हातमोज्यांच्या पाठीने चकती बाजूच्या कोपऱ्याकडे वळवून देण्याची जी पद्धत पुढे सर्वमान्य झाली, तिचा पहिला पुरस्कर्ता म्हणून वॉर्टर्सचेच नाव घेतले जाते.

काळही त्याला अनुकूल होता, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्या वेळच्या काठीचे पाते सरळ असे. पाते वाकवून चकती हवेत उंच उडवण्याचे तंत्र फोफावले ते १९६० नंतरच्या दशकात. वॉर्टर्सच्या काळातले बहुतेक फटके बर्फालगत येत, आणि खांद्यावरच्या दोन कोपऱ्यांची चिंता आजच्या मानाने कमी करावी लागे. खाली पडून चकती अडवण्यालाही एके काळी मनाई होती. नॅशनल हॉकी लीगने तो नियम जानेवारी १९१८ मध्ये रद्द केला, त्यामुळे त्याला बर्फावर लोळण घेण्याची मोकळीक मिळाली. उलट बाजूने पाहिले तर पॅडच्या रुंदीवर मर्यादा आली. १९२७ साली ती १० इंचांवर आणण्यात आली, म्हणजे देहाची उणीव सामानाने भरून काढण्याची पळवाट बंद झाली. माँट्रियलचा थोर गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ ५ फूट ६ इंचांचा होता. म्हणजे त्या पिढीत ठेंगणेपणा अपवाद होता तरी विक्षिप्तपणा नव्हता. वॉर्टर्स अपवादांतला अपवाद होता, इतकेच.

१९२८ साली त्याच्या कारकिर्दीला जे वळण लागले ते बर्फावर नव्हे, कचेरीत लागले. मागितलेले वेतन देण्यास पिट्सबर्गचे मालक राजी होईनात, आणि देऊ केलेल्या करारनाम्यावर सही करण्यास वॉर्टर्स राजी होईना. लीगचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांनी त्याला निलंबित केले. खेळाडूंच्या मागे ना संघटना ना कायदा, आणि संघमालकांचा शब्द म्हणजे हुकूम, अशा दिवसांत सव्वापाच फुटांच्या माणसाने अडून बसावे, ही मला त्याच्या सत्तर अडवणुकींपेक्षाही मोठी अडवणूक वाटते. अखेर न्यूयॉर्क अमेरिकन्सने जो मिलर हा गोलरक्षक आणि वर २०,००० डॉलर मोजून त्याला आपल्याकडे ओढून घेतले. या संघाचा मालक बिल ड्वायर हा दारूबंदीच्या अमलात चोरट्या दारूच्या व्यापारावर गब्बर झालेला असामी. हॅमिल्टनच्या संघातल्या खेळाडूंनी जादा मोबदल्यासाठी संप केल्यावर तो अख्खा ताफा ७५,००० डॉलरला विकत घेऊन त्याने हा संघ उभा केला होता. वेतनासाठी भांडणारा गोलरक्षक संपकऱ्यांच्या या बिऱ्हाडात रुजू व्हावा, हा योगायोगही मोठा मासलेवाईक आहे.

अमेरिकन्सचा संघ आदल्या मोसमात आपल्या गटात तळाला होता. वॉर्टर्स आल्यावर १९२८-२९ च्या मोसमात तो दुसऱ्या क्रमांकावर चढला. त्या मोसमात वॉर्टर्सने १३ सामन्यांत प्रतिपक्षाला एकही गोल करू दिला नाही आणि सामन्यामागे सरासरी १.१५ गोल एवढेच त्याच्या हातून सुटले. लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळणारी हार्ट ट्रॉफी १९२४ पासून दिली जात होती, पण एकाही गोलरक्षकाच्या वाट्याला ती तोवर आली नव्हती. ती वॉर्टर्सला मिळाली. इथे एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. त्याच मोसमात हेन्सवर्थने ४४ सामन्यांपैकी २२ सामने गोलरहित राखले होते, आणि आकड्यांच्या तराजूत त्याचेच पारडे जड होते. तरीही मान वॉर्टर्सला दिला गेला, कारण दुबळ्या संघाच्या दाराशी उभा राहून त्याने त्या संघाला वर आणले होते. यानंतर न्यूयॉर्कच्याच रेंजर्स संघाशी बाद फेरीत गाठ पडली. पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. दुसऱ्यात निर्धारित वेळेत कोणालाच गोल करता आला नाही, आणि जादा वेळेतल्या एकुलत्या एका गोलाने अमेरिकन्स बाहेर पडले. दोन सामन्यांत मिळून एक गोल सुटला, तोच नेमका नडला.

पुढच्याच मोसमात चकती पुढे देण्याविषयीचे नियम सैल झाले आणि गोलांचा पाऊस सुरू झाला. परंतु १९३०-३१ मध्ये वॉर्टर्सने पुन्हा सामन्यामागे १.६१ एवढीच सरासरी राखली. सर्वांत कमी गोल स्वीकारणाऱ्या संघाच्या रक्षकाला दिली जाणारी व्हेझिना ट्रॉफी त्याने मिळवली, आणि त्याच वर्षी त्याचा संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही, कारण समोरच्या गोलात चकती घालणारे हात संघाकडे नव्हते. पुढची वर्षे अशीच गेली. १९३७ मध्ये अंतर्गळाच्या व्याधीने त्याला थांबावे लागले. ४८४ सामने, त्यांत १७१ विजय आणि २२९ पराभव, हा त्याचा ताळेबंद. पराभव विजयांहून अधिक असलेल्या माणसाला हॉकीच्या कीर्तिमंदिरात १९६९ साली जागा मिळाली. ती पाहायला तो मात्र हयात नव्हता, ७ नोव्हेंबर १९५७ रोजी घशाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले होते.

त्याच्यामागून त्याच्याइतका ठेंगणा गोलरक्षक त्या लीगमध्ये झाला नाही. १९८०-९० च्या दशकात शिकागोचा डॅरेन पँग हा ५ फूट ५ इंचांचा रक्षक ८१ सामने खेळला आणि गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला. त्यानंतर गुडघे जोडून बर्फावर बसायचे, दोन्ही पाय दोन अंगांना पसरून गोलाचा तळ बंद करायचा आणि वरची जागा धडाने व खांद्यांनी भरायची, ही पद्धत सार्वत्रिक झाली. आणि गुडघ्यांवर बसूनही ज्याचे खांदे चार फुटांच्या आडव्या दांडीला भिडतात अशाच माणसांची मागणी वाढली. आजचा गोलरक्षक सहसा सव्वासहा फुटांच्या आसपासचा असतो. फिनलंडचा यूसे सारोस हा ५ फूट ११ इंचांचा. लीगचे संघ दरवर्षी नवे खेळाडू क्रमाने निवडतात, त्या २०१३ च्या निवडीत तो ९९ व्या क्रमांकावर उरला होता. डस्टिन वुल्फ पुरता ६ फुटांचा. २०१९ साली निवडलेल्या २१७ खेळाडूंत त्याचा क्रमांक २१४ वा लागला, आणि कारण देण्यात आले ते लहान चणीचे! सोनगीरच्या बाजारपेठेत सहा फुटांचा माणूस निघाला तर दुकानदार मान वर करून पाहतील. तिकडच्या पारख्यांनी त्याला खुजा ठरवून यादीच्या तळाशी टाकले. दोघेही पुढे आपापल्या संघांचे प्रथम क्रमांकाचे रक्षक झाले, हे त्या पारख्यांच्या दप्तरी कोणत्या रकान्यात नोंदवले गेले असेल कोण जाणे.

आपल्याकडे बर्फ नाही, तरी दार राखणारे ठेंगणे पुरुष आहेत, आणि त्यांत अग्रगण्य म्हणून मी बडोद्याचा क्रिकेट यष्टिरक्षक किरण मोरे याचे नाव घेईन. गायकवाडांच्या राजधानीत पिढ्यान्पिढ्या वसलेल्या मराठी समाजातला हा मुलगा ४ सप्टेंबर १९६२ चा. यष्टिरक्षकाचे काम गोलरक्षकाहून वेगळे, कारण त्याच्या मागे दार नसते, पुढे असते. परंतु मापाचा प्रश्न तोच. आणि इथे ते माप ठेंगण्याच्या बाजूने बोलते. यष्ट्यांची उंची अवघी २८ इंच. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडून गुडघ्या-मांडीच्या उंचीवर येतो. यष्ट्यांना खेटून उकिडवे बसलेल्या रक्षकाला त्याच्याबरोबर उठायचे असते आणि निमिषार्धात बेल्स उडवायच्या असतात. ज्याचे धड आखूड, ज्याचा तोल जमिनीजवळ, त्याला हा प्रवास छोटा पडतो. द्रुतगती गोलंदाज असला आणि चेंडू डोक्यावरून निघाला की मग उंचीचे व्याज वसूल होते, हेही खरे. आपल्याकडच्या गल्लीतल्या सामन्यांत सर्वांत लहान पोराला यष्टींमागे बसवतात. तो केवळ मोठ्यांचा जुलूम असतो, असे समजण्याचे कारण नाही.

जून १९८६ मध्ये लॉर्ड्सवर मोरे पहिला कसोटी सामना खेळला आणि तीन सामन्यांच्या त्या मालिकेत त्याने १६ झेल घेतले. भारताने मालिका २-० अशी जिंकली. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध नरेंद्र हिरवाणीने पदार्पणातच १३६ धावांत १६ बळी मिळवले, आणि सारे वर्तमानपत्री मथळे त्या चष्मेवाल्या मुलाने नेले. त्याच सामन्यात मोरेने सहा फलंदाज यष्टिचीत केले, त्यांतले पाच दुसऱ्या डावात. हे दोन्ही कसोटी विश्वविक्रम होत. पुढे सरसावलेल्या, बॅट फिरवून चुकलेल्या, मागे वळून पाहणाऱ्या बलाढ्य कॅरेबियन फलंदाजांच्या पाठीशी हा माणूस त्या पाच वेळा आपले काम आटोपून मोकळा झाला होता.

आता खर्चाची बाजू. जुलै १९९० मध्ये लॉर्ड्सवरच संजीव शर्माच्या गोलंदाजीवर ग्रॅहॅम गूचचा झेल मोरेच्या हातून सुटला. गूच तेव्हा ३६ धावांवर होता, तो ३३३ वर गेला, आणि दुसऱ्या डावात त्याने वर १२३ काढल्या. झेल कसोटी क्रिकेटमध्ये रोज सुटतात; परंतु हा एक सुटलेला झेल मोरेच्या ११० घेतलेल्या झेलांपेक्षा अधिक लोकांना ठाऊक आहे. त्याखालोखाल ठाऊक आहे ती ४ मार्च १९९२ ची सिडनीतली हकीकत. विश्वचषकाच्या सामन्यात मोरेच्या अखंड ओरड्याने व अपिलांनी पिसाळलेल्या जावेद मियांदादने खेळपट्टीवर बेडूकउड्या मारून त्याची नक्कल केली. त्या दृश्याला आपण हसतो ते मियांदादच्या बाजूने. परंतु एका कसलेल्या फलंदाजाचे चित्त असे ठिकाणावरून हलवणे हाही राखणदारीचाच भाग आहे, आणि सामना भारताने ४३ धावांनी जिंकला, याचा उल्लेख त्या चित्रफितीबरोबर क्वचितच होतो.

४९ कसोटी सामने, ११० झेल, २० यष्टिचीत, अर्जुन पुरस्कार, नंतर राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपद, आणि बडोद्यात नव्या मुलांसाठी काढलेली प्रशिक्षण संस्था, जिथे हार्दिक व कृणाल पंड्या हे बंधू घडले, असा मोरेचा पुढचा वृत्तांत आहे. ऑगस्ट १९९३ मध्ये कोलंबोला तो शेवटची कसोटी खेळला. आणि जानेवारी १९९४ मध्ये लखनौला श्रीलंकेविरुद्धच्या पुढच्या मालिकेसाठी निवड समितीने यष्टींमागच्या जागेवर बडोद्याच्याच नयन मोंगियाची नेमणूक केली.